सल्ला हवा आहे: प्रसिद्ध हिऱ्यांच्या इतिहासावर चाळीस मिनिटांचे व्याख्यान

गोदाकाठ:
आमच्या नाशिकच्या ज्येष्ठ नागरिक संघात पुढील महिन्यात मला जगप्रसिद्ध हिऱ्यांवर बोलायचे आहे. कोहिनूर, होप, कलिनन अशी यादी केली खरी, पण वाचावे तितके शाप, खून आणि पगडीबदलाचे किस्सेच हाती लागतात, आणि त्यांतील खरे किती हे उमगत नाही. कोणते हिरे घ्यावेत आणि दंतकथा कशी चाळावी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पोथीवाला:
माझे मत विचाराल तर कोहिनूरपासून सुरुवात करू नका. श्रोत्यांना तो आधीच ठाऊक असतो आणि अर्धा वेळ गैरसमज निस्तरण्यात जातो. सुरुवात मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये असलेल्या ‘शाह’ हिऱ्यापासून करा. वजन ८८.७ कॅरट, रंगाला किंचित पिवळसर झाक, आकार लांबट, आणि एका टोकाजवळ दोरा बांधून टांगता यावे म्हणून कोरलेली बारीक खाच. त्याच्या तीन बाजूंवर तीन धन्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांतले पहिले नाव आपल्या अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचे आहे, हिजरी सन १००० म्हणजे इ.स. १५९१-९२ चे. दुसरा लेख शाहजहानचा (हिजरी १०५१) आणि तिसरा इराणच्या फत अली शाह काजारचा (हिजरी १२४२). तेहरानमध्ये १८२९ साली जमावाने रशियाचा राजदूत, नाटककार ग्रिबोयेदोव्ह, याला ठार केले आणि झारचा राग शमवण्यासाठी इराणने जो नजराणा पाठवला, त्यात हा हिरा गेला. ज्याचा इतिहास खुद्द त्याच्याच अंगावर लिहिलेला आहे, त्याला दंतकथेची गरज काय?

दुसरा हिरा अर्थातच तुमच्या गावचा. पाश्चात्त्य जवाहिऱ्यांनी ‘नासक’ हिऱ्याला ‘मूर्तीचा डोळा’ असे टोपणनाव दिले. पण त्र्यंबकेश्वरी ज्याने दर्शन घेतले आहे त्याला ठाऊक असते की गाभाऱ्यात डोळे असलेली मूर्ती नसून पिंडी आहे, आणि तिच्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. टोपणनाव देणारे त्र्यंबकला गेले नव्हते, एवढे श्रोत्यांना सांगितले तरी पुरे. हिरा देवस्थानाशी जोडला जातो, पण त्याचा ठाम माग १८१८ पासून लागतो, कारण दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि लंडनच्या बाजारात आला. तिथे त्याला नव्याने पैलू पाडले गेले. १८३७ च्या लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो ७,२०० पौंडांना घेतला आणि पुढे तो तलवारीच्या मुठीत बसला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा घडण बदलली, तेव्हा ८० कॅरटच्या वर असलेला हिरा ४३.३८ वर आला.

होपचा शाप एका वाक्यात उरका. त्याची खरी गंमत वेगळी आहे: १९५८ मध्ये त्याच विन्स्टन यांनी तो अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला साध्या रजिस्टर टपालाने पाठवला.

पेढीवरचा:
पोथीवाला यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, फक्त कोहिनूर पूर्ण वगळू नये. त्याचा मयूरासनाशी असलेला संबंध नादिरशहाच्या काळातील इतिहासकार मरवी याने नोंदवला आहे; नादिरशहाने पगडी बदलून तो मिळवल्याचा किस्सा मात्र तितका जुना नाही. एक खबरदारी अवश्य घ्या. १८५२ मध्ये लंडनला पैलू पाडल्यावर कोहिनूर ‘१८६ वरून १०५.६ कॅरटवर आला’, असे सर्रास लिहिले जाते, पण यातला पहिला आकडा जुन्या कॅरटचा आहे आणि दुसरा आजच्या. आजचा कॅरट म्हणजे बरोबर २०० मिलिग्रॅम. त्या मापाने तो आधी सुमारे १९१ कॅरट भरत होता. ज्या लेखात हा घोळ दिसेल, त्यातील इतर आकडेही पुन्हा ताडून पाहावेत, असा आमचा पेढीवरचा शिरस्ता आहे.

श्रोते आपल्या वयाचे असतील तर कॅरट सोडून तोळ्यात बोला. शाह दीड तोळ्याचा आणि नासक आज पाऊण तोळ्याच्या आतला. हैदराबादच्या निजामाचा जेकब हिरा १८४.७५ कॅरटचा, म्हणजे तीन तोळ्यांहून थोडा अधिक. तोच हिरा शेवटचे निजाम उस्मान अली खान टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवत असत, आणि १९९५ साली भारत सरकारने निजामाचे १७३ जडजवाहीर २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात तोही आला.

गोदाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. शाह, नासक, कोहिनूर आणि जेकब हे चारच घेतो. कलिनन वगळतो, ३,१०६ कॅरटचा दगड फोडण्याची कथा मोठी आहे आणि वेळ थोडा. पेढीवरचे, गुंजा कुठे मिळतील? शाहच्या वजनाइतक्या गुंजा वाटीत घालून सभेत फिरवाव्या म्हणतो.

पेढीवरचा:
कोणत्याही जुन्या सराफाकडे विचारा. तोळ्याला ९६ गुंजा, म्हणजे शाहसाठी १४६ मोजून घ्या, आणि एखाद-दुसरी जास्तच ठेवा, वाटी फिरताना हमखास सांडतात.