मदत हवी आहे : ठाण्यात घरात रेंज येईल असा स्वस्त प्रीपेड प्लॅन सुचवा (तातडीने)

वैतागलेला ठाणेकर, रात्री ९.४०

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. स्वस्तातला प्रीपेड प्लॅन हवाय आणि रेंज घरात आली पाहिजे. सध्याच्या कंपनीचं नाव घेत नाही, पण फोनवर बोलायचं तर गॅलरीत जाऊन कपड्यांच्या दोरीखाली उभं राहावं लागतं. तेही डाव्या टोकाला, उजवीकडे कट होतो. काल गॅसवाला दारात सिलिंडर टेकवून कोड मागत होता आणि मेसेज काही येईना. पाच मिनिटं थांबला, मग सिलिंडर उचलून चालता झाला. मेसेज सव्वा तासाने आला.

डेटा नको. बोलणं आणि मेसेज, बस. रिचार्ज परवा संपतोय. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

खारघरकर, ९.४८

ठाण्यात म्हणजे कुठे? नौपाडाही ठाणे आणि गायमुखही ठाणेच. कितवा मजला? फोन कुठला?

पेन्शनर ऐरोली, ९.५२

जिओ घ्यावे. आमच्याकडे सेक्टरमध्ये सर्वांकडे तेच आहे, काही तक्रार नाही. मी सकाळी खाडीपर्यंत फिरायला जातो तिथेही रेंज असते.

वैतागलेला ठाणेकर, ९.५५

@पेन्शनर काका, खाडीवर नको हो, बेडरूममध्ये हवी.
@खारघरकर कासारवडवली, दुसरा मजला, मागची बाजू. फोन साधाच आहे. प्लॅन सांगा ना कोणीतरी.

हिशेबनीस, १०.०४

डेटा नको असेल तर नुसत्या बोलणं-मेसेजचे पॅक घ्या. ट्रायने (दूरसंचार नियामक) २०२४ च्या डिसेंबरात कंपन्यांना ते ठेवायला लावले. २०२५ च्या जानेवारीअखेर ८४ दिवसांना जिओचा ४४८ आणि एअरटेलचा ४६९ होता. एअरटेलचा वर्षाचा १८४९. जिओचा १७४८, पण तो ३३६ दिवसांचा, वर्षाचा समजून घेऊ नका. आजचे भाव ॲपवर बघून घ्या. हे पॅक तिथे अगदी तळाला पुरून ठेवलेले असतात, दुकानदार तर आपणहून सांगतच नाही.

२८ दिवसांच्या भानगडीत पडू नका. समजा १९९ चा मारला, तर वर्षात तेरा वेळा मारावा लागतो, म्हणजे २५८७.

सरळमार्गी, १०.११

२८ दिवसांचं रडगाणं जुनं झालं. २०२२ पासून प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवावाच लागतो.

हिशेबनीस, १०.१४

ठेवावा लागतो, स्वस्त ठेवावा लागत नाही. दिवसाचा दर काढून बघा आणि मग बोला.

सरळमार्गी, १०.१६

काढलाय. तुमच्यासारखं वर्षाचं एकदम भरायचं आणि महिन्यात रेंज गेली तर? पैसे परत देणार का कोणी?

(माझा हा मुद्दा मात्र धागाकर्त्याने, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याने, लक्षात घ्यावा. रेंज तपासल्याशिवाय वर्षाचा प्लॅन घेऊ नका.)

सीवूड्सची मी, १०.२०

माझ्याकडे फाइव्ह-जी मस्त चालतं, सिनेमा दोन मिनिटांत उतरतो. लोकलमध्ये वाशीच्या पुलावर मात्र गचके खातं.

गावाकडचा, १०.२३

बीएसएनएल घ्या, सगळ्यात स्वस्त. आमच्या साताऱ्याला सगळ्यांनी तेच घेतलं.

खारघरकर, १०.२७

सातारा मोबाइलच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये (विभागात). ठाणे, नवी मुंबई मुंबई सर्कलमध्ये, इथे वर्षानुवर्षं बीएसएनएल नाही, एमटीएनएल ही दुसरी सरकारी कंपनी होती. साताऱ्याच्या अनुभवावर कासारवडवलीचं सिम घेऊ नये.

जुना टेक्निशियन, १०.३५

मागची बाजू म्हणजे येऊरच्या डोंगराकडे ना? तिकडच्या नव्या इमारतींच्या भिंती विटांच्या नसतात, सगळं सळया घातलेलं काँक्रीट. सिग्नल आत शिरतानाच अर्धमेला होतो. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड (लहरींचा पट्टा) भिंतीतून बरा घुसतो, २३०० वाला दारातूनच परत फिरतो. म्हणून एकाच कंपनीची गॅलरीत फुल्ल आणि न्हाणीघराजवळ शून्य, असं होतं. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर जवळचे टॉवर दिसतात. कंपन्यांच्या साइटवर नकाशेही आहेत, पण नकाशाला तुमची बेडरूम माहीत नसते.

मी नवीन आहे, १०.३९

ऑनलाइन बूस्टर मिळतो, अँटेना गच्चीवर लावायचा. भावाने लावलाय, झकास चालतो.

जुना टेक्निशियन, १०.४१

भावाला काढायला सांगा. विनापरवाना बूस्टर लावणं बेकायदा आहे. एकाची रेंज वाढते आणि आजूबाजूच्या दहा जणांची बिघडते.

सेक्रेटरी (नाइलाजाने), १०.५०

रेंज हवी, पण टॉवर आपल्या गच्चीवर नको, हा प्रकार थांबला पाहिजे. आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) दोन तास यावर खडाजंगी झाली. ज्यांनी 'रेडिएशन, रेडिएशन' म्हणून विरोध केला, तेच दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 'लिफ्टमध्ये कॉल कट होतो, कमिटी काय करते?'

सीवूड्सची मी, १०.५३

टॉवरचं भाडं मेंटेनन्समध्ये वळतं करता येतं का? आमचा मेंटेनन्स फार आहे.

सेक्रेटरी (नाइलाजाने), १०.५५

वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

चहाबाज, ११.०२

एवढं कशाला? वॉचमनला विचारा. इस्त्रीवाल्याला विचारा. ही माणसं दिवसभर त्याच इमारतीत असतात, कुठल्या कंपनीचा फोन कुठे लागतो त्यांना तोंडपाठ असतं. एकेकाचा फोन पाच मिनिटं मागून बेडरूममध्ये न्या, कॉल लावा. चहा पाजा, झालं.

हिशेबनीस, ११.०५

घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. वेगळे पैसे नाहीत. टॉवर गेला खड्ड्यात.

वैतागलेला ठाणेकर, ११.१०

वायफाय आहे, पण बाबांच्या फोनला वायफाय कुठून असणार?

खारघरकर, ११.११

बाबांच्या???

वैतागलेला ठाणेकर, ११.१४

हो, फोन बाबांचाच आहे. मी कोपरखैरण्याला राहतो. लिहिलं ना, साधा फोन. बटणांचा. बारा-तेरा वर्षं झाली, मागचं झाकण रबरबँडने धरलंय. याचा प्लॅनशी काय संबंध?

खारघरकर, ११.१७

सगळाच संबंध आहे, साहेब! मी पहिल्याच प्रतिसादात 'फोन कुठला' विचारलं होतं. 'साधा' म्हणजे आम्हाला वाटलं महागातला नाही.

जुना टेक्निशियन, ११.२४

त्या फोनला फोर-जी नाही. जिओला टू-जी नाहीच, म्हणजे ते सिम त्यात चालणारच नाही. पेन्शनर काकांचं ऐकून पोर्ट केलं असतंत (नंबर तोच ठेवून कंपनी बदलली असतीत) तर परवापासून बाबांचा फोन मुका झाला असता. बाकी कंपन्यांचं टू-जी आहे, पण सगळा जोर फोर-जी, फाइव्ह-जीवर. त्याच कंपनीचं फोर-जी बेडरूममध्ये येत असेल आणि टू-जी येत नसेल, असंही होऊ शकतं. आधी ते बघा.

पेन्शनर ऐरोली, ११.३०

मला काय ठाऊक फोन कसला आहे ते. त्यांनी लिहायला नको?

वैतागलेला ठाणेकर, रविवार, दुपारी १.१५

जाऊन आलो. चहाबाजचं ऐकलं. वॉचमनकाकांकडे बाबांचीच कंपनी, पण टचस्क्रीन. बेडरूममध्ये कपाटाला टेकून बोललो, एकदाही कट नाही. बाबांचा फोन शेजारीच ठेवला होता, एक दांडी, मधेच तीही गायब. म्हणजे कंपनीला उगाच शिव्या घातल्या, निदान अर्ध्या तरी. पोर्ट रद्द. सध्या छोटा रिचार्ज मारलाय. बटणांचा फोर-जी फोन घ्यायचं ठरलंय, बाबांची अट एकच, हिरवं आणि लाल बटण वेगवेगळं हवं.

जुना टेक्निशियन, १.४०

उत्तम. सिमही जुनं असणार, फोर-जीचं बदलून घ्या, नंबर तोच राहतो. फक्त सिम बदललं की चोवीस तास मेसेज बंद असतात, त्या दिवशी गॅस बुक करू नका. आणि पुढचे सात दिवस पोर्टही करता येणार नाही.

वैतागलेला ठाणेकर, १.४४

गॅस आजच सकाळी बुक केलाय.

गावाकडचा, २.०५

१९०० वर PORT लिहून स्पेस देऊन नंबर पाठवा, पोर्टचा कोड येतो, चार दिवस चालतो. बीएसएनएललाच जा.