रेकॉर्डिंगसाठीच्या होम थिएटर संगणकात हार्ड डिस्कची मांडणी कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. टीव्हीवरील कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी आणि सवडीने पाहण्यासाठी मी एक स्वतंत्र संगणक तयार करत आहे. त्यावर लिनक्स आणि मिथटीव्ही हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर असेल. वाहिनीचा संकेत पकडणारे ट्यूनर चार आहेत, आणि चारही ट्यूनर रेकॉर्डिंगमध्ये गुंतलेले असताना घरातील कोणीतरी आधी साठवलेला कार्यक्रम पाहत असेल, असे मी धरून चाललो आहे. माझ्याकडे ५०० जीबीची एक एसएसडी आणि ४ टीबीच्या दोन नव्या हार्ड डिस्क आहेत. पाच व्हिडिओ एकाच वेळी हाताळण्यास एका डिस्कचा वेग पुरणार नाही अशी शंका वाटत असल्यामुळे दोन्ही हार्ड डिस्क रेड ० पद्धतीने (प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर विभागून) जोडून ८ टीबीची एकच जागा करावी, असा विचार आहे. हा विचार योग्य आहे का? एसएसडीवर आधी रेकॉर्ड करून फाइल रात्री हार्ड डिस्कवर हलवणे अधिक चांगले ठरेल का? आणि मोठ्या फाइलींसाठी फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) कोणती निवडावी? जाणकारांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १

आपल्या शंकेचे उत्तर साध्या हिशोबात मिळते. दर सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने येणारा प्रवाह तासाभरात सुमारे ४५० एमबी जागा घेतो. एचडी वाहिनी ८ मेगाबिटची असेल तर तासाला ३.६ जीबी लागतात. अमेरिकेतील एटीएससी प्रसारणाची कमाल १९.३९ मेगाबिट धरली तरी तासाला ९ जीबीच्या आतच काम होते. म्हणजे चार रेकॉर्डिंग आणि एक प्लेबॅक असे पाचही प्रवाह २० मेगाबिटचे आहेत असे मानले, तरी एकूण मागणी १०० मेगाबिट, अर्थात सेकंदाला १२.५ एमबी होते. आजची साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला १५० एमबीच्या आसपास सहज जाते. त्यामुळे रेड ० मधून मिळणाऱ्या जादा वेगाची आपल्याला गरज नाही, आणि त्याची किंमत मात्र मोठी आहे, कारण दोनपैकी कोणतीही एक डिस्क बिघडली की दोन्हींवरील सर्व रेकॉर्डिंग जाते.

खरी अडचण वेगळ्या ठिकाणी असते. पाच फाइली डिस्कच्या पाच निरनिराळ्या भागांत असतील, तर वाचन-लेखन करणाऱ्या हेडला त्यांच्यामध्ये सतत ये-जा करावी लागते. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हेड योग्य जागी पोहोचून तबकडी फिरून समोर येईपर्यंत साधारण १५ मिलिसेकंद जातात, त्यामुळे एका सेकंदात अशा साठ-सत्तरच उड्या होऊ शकतात. प्रत्येक उडीत काही एमबी लिहिले जात असतील तर हे अगदी पुरेसे आहे. पण त्याच डिस्कवर मिथटीव्हीचा डेटाबेस असेल, कार्यक्रम-पत्रिका अद्ययावत होत असेल आणि सोबत जाहिराती शोधण्याचे कामही चालू असेल, तर लहानसहान नोंदींपायी उड्या खर्ची पडतात आणि रेकॉर्डिंगमध्ये चित्र तुटण्यास सुरुवात होते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टम आणि डेटाबेस एसएसडीवर ठेवावेत, आणि हार्ड डिस्कवर व्हिडिओखेरीज काहीही ठेवू नये. या सगळ्या मांडणीत मी सर्वाधिक महत्त्व याच गोष्टीला देईन.

दोन्ही हार्ड डिस्क स्वतंत्रपणे माउंट करून (म्हणजे लिनक्सला जोडून) मिथटीव्हीच्या एकाच स्टोरेज ग्रुपमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग ठेवण्याच्या जागांच्या यादीत, दोन्हींच्या डिरेक्टरी द्याव्यात. नवे रेकॉर्डिंग सुरू करताना मिथटीव्ही कोणत्या डिस्कवर किती जागा मोकळी आहे आणि तिच्यावर आधीच काय काम चालू आहे हे पाहून डिस्क निवडतो, त्यामुळे भार आपोआप विभागला जातो. एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीवरील फाइली जशाच्या तशा राहतात आणि ती डिस्क कोणत्याही लिनक्स संगणकाला जोडून वाचता येते.

एसएसडीवर आधी रेकॉर्ड करण्यात फारसा लाभ नाही. हार्ड डिस्कला जे काम सहज जमते तेच आपण दोनदा कराल, आणि रात्रीच्या स्थलांतराच्या वेळी एखादे रेकॉर्डिंग चालू असेल तर उलट भार वाढेल.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात डिस्कच्या प्रकाराविषयी आणि फाइल सिस्टमविषयी भर घालतो.

आपल्या डिस्क सीएमआर (ट्रॅक वेगवेगळे ठेवणाऱ्या) आहेत की एसएमआर, हे मॉडेल क्रमांकावरून आधी तपासावे. एसएमआर डिस्कमध्ये शेजारचे ट्रॅक एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात, त्यामुळे एका ट्रॅकवर पुन्हा लिहायचे असल्यास पुढचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. नव्या, रिकाम्या डिस्कवर हा दोष जाणवत नाही. काही महिन्यांनी, जुनी रेकॉर्डिंग पुसली जाऊन मधल्या तुकड्यांत नवी लिहिली जाऊ लागली की डिस्क स्वतःच्या आवराआवरीत गुंतते आणि लिहिण्याचा वेग अचानक घसरतो. रेकॉर्डिंगच्या संगणकात पुसणे आणि लिहिणे रोजचेच असल्यामुळे मी सीएमआरचाच आग्रह धरेन. २०२० साली वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमध्ये हे तंत्र आहे ते जाहीर केले, त्यामुळे आता शोध घेणे कठीण नाही. सीसीटीव्हीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्क अनेक प्रवाह अखंड लिहिण्याच्या हेतूने बनवलेल्या असतात आणि या कामाला चालतात. मात्र त्यांतील स्ट्रीमिंगच्या खास आज्ञांचा उपयोग सर्वसाधारण रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर करत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

फाइल सिस्टम म्हणून मी एक्सएफएस निवडेन. सिलिकॉन ग्राफिक्सने ती १९९० च्या दशकात आपल्या आयरिक्स प्रणालीसाठी तयार केली आणि मोठ्या फाइली सलग लिहिणे हे तिचे बलस्थान आहे. एकाच वेळी चार फाइली वाढत असताना त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून माउंट करताना अ‍ॅलॉकसाइझ हा पर्याय ६४ एमबी ठेवावा, म्हणजे प्रत्येक फाइलसाठी पुढची सलग जागा आधीच राखली जाते. ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम वापरली तरी बिघडत नाही, पण ती मूळ मांडणीत ५ टक्के जागा रूट (प्रशासक) वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. ४ टीबीच्या डिस्कवर ही तब्बल २०० जीबी होते, आणि केवळ व्हिडिओ असलेल्या डिस्कवर तिची गरज नसल्यामुळे ट्यून२एफएस या आज्ञेने ती शून्य करता येते. पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची नोंद) जीपीटी या नव्या पद्धतीचेच असावे, कारण ५१२ बाइटच्या सेक्टरसह जुन्या एमबीआर पद्धतीला सुमारे २.२ टीबीच्या पुढची जागा दिसत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. रेड ० चा विचार मी सोडला आहे. दोन गोष्टी अजून विचारतो. काही रेकॉर्डिंग मला कायमची जपायची आहेत. त्यांच्यापुरते रेड १ (दोन्ही डिस्कवर तीच प्रत) करावे का? आणि संगणक बैठकीच्या खोलीत असल्यामुळे आवाज कमी व्हावा म्हणून वापर नसताना डिस्क थांबवून ठेवाव्यात का?

उत्तर ३

रेड १ डिस्क बिघडण्यापासून वाचवते, पण चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसते. शिवाय नंतर पुन्हा प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमांसाठी निम्मी जागा खर्च करणे मला पटत नाही. जपण्याजोगी रेकॉर्डिंग वेगळ्या डिरेक्टरीत हलवावीत आणि त्यांची प्रत एखाद्या बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. काही जण अशा ठिकाणी स्नॅपरेड हे सॉफ्टवेअर सुचवतील; बिघडलेल्या डिस्कवरील फाइली परत मिळवण्यासाठी ते पॅरिटी नावाची जादा माहिती वेगळ्या डिस्कवर ठेवते, आणि ती सिंक केल्यावरच अद्ययावत होते. न बदलणाऱ्या संग्रहासाठी ते उत्तम आहे. पण रोज फाइली पुसल्या जाणाऱ्या रेकॉर्डिंगच्या डिस्क त्यात घेऊ नयेत, कारण पुसलेल्या फाइलीबरोबर पॅरिटीचा आधारही तुटतो आणि पुढच्या सिंकपर्यंत इतर फाइलींचे संरक्षण अपुरे राहते.

डिस्क थांबवण्याविषयी माझे मत सावध आहे. थांबलेली डिस्क पूर्ण वेगात येण्यास काही सेकंद लागतात. रेकॉर्डिंग काही मिनिटे आधी सुरू करण्याची सोय मिथटीव्हीत असल्यामुळे कार्यक्रमाचा आरंभ हुकणार नाही, पण दिवसातून अनेकदा थांबणे-फिरणे डिस्कच्या आयुष्याला पोषक नाही. थांबवायचीच असेल तर अवधी तासाभराचा ठेवावा, काही मिनिटांचा नव्हे. आवाजाचा त्रास बहुधा डिस्क फिरण्यापेक्षा तिची थरथर पेटीच्या पत्र्यात उतरल्यामुळे होतो. डिस्क रबरी बुशांवर बसवल्यास आणि ५४०० फेऱ्यांची निवडल्यास तो पुष्कळ कमी होतो. त्याबरोबर मंद फिरणारा एक पंखा डिस्कसमोर असावा, म्हणजे बंदिस्त कपाटातही तापमान ४५ अंशांच्या आत राहील.

जाहिराती शोधण्याचे आणि ट्रान्सकोडिंगचे (व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलण्याचे) काम उत्तररात्री, रेकॉर्डिंग कमी असताना लावावे. मिथटीव्ही जुनी रेकॉर्डिंग आपोआप पुसून जागा करतो, म्हणून अशी डिस्क नेहमीच काठोकाठ भरलेली राहते आणि मोकळी जागा बारीक तुकड्यांत विखुरते. सेटिंगमध्ये जादा मोकळी जागा प्रत्येक डिस्कमागे दोनशे जीबीपर्यंत वाढवून ठेवल्यास सलग जागा मिळत राहते.

डिस्क वापरात आणण्यापूर्वी स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणी-यंत्रणेची) लांब चाचणी एकदा पूर्ण चालू द्यावी, आणि पुढे स्मार्टडी ही सेवा चालू ठेवावी. तिच्या नोंदींपैकी ५ आणि १९७ या क्रमांकांचे आकडे, म्हणजे बदललेले आणि प्रलंबित सेक्टर, वाढत असतील तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. केवळ १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदलून पाहावी.