मिठागरातले पाणी आणि डिबाय-ह्युकेलचा नियम: ऑनलाइन परिसंवादात हा विषय मांडावा का?

खाजणकाठ (वेंगुर्ले तालुका):
नमस्कार. मी भौतिक रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सांख्यिकीय यामिकीवरच्या एका ऑनलाइन परिसंवादात मला दहा मिनिटे मिळाली आहेत. एप्रिलमध्ये गावाजवळच्या मिठागरातून, जिथे मीठ धरते त्या शेवटच्या वाफ्यातले पाणी मी बाटलीत भरून आणले. हायड्रोमीटरवर ते 25 अंश बोमेच्या जरा वर, म्हणजे घनता सुमारे 1.21 भरली, आणि बाटली घरी येईपर्यंत तळाशी बारीक चौकोनी कण बसू लागले होते. संपृक्त द्रावणात मिठाचे प्रमाण सुमारे 6 मोलल, म्हणजे एक किलो पाण्यामागे 6 मोल असते. विरळ द्रावणात आयनांमधल्या (प्रभारित कणांमधल्या) विद्युत आकर्षणाचा परिणाम सांगणाऱ्या, डिबाय आणि ह्युकेल यांच्या 1923 सालच्या मर्यादित नियमात ही संख्या घातली, तर सक्रियता गुणांक (द्रावण आदर्श वागणुकीपासून किती ढळते त्याचे माप; आदर्श द्रावणात 1) 0.057 येतो, तक्त्यांत मात्र तो 0.986 दिला आहे. नियम एवढा चुकत असेल, तर विषय बदलावा असे आमच्याकडे सुचवले गेले. आपले मत काय?

निवृत्त अध्यापक (रत्नागिरी):
विषय मुळीच बदलू नका, फक्त नियम कुठे आणि का सुटतो ते दाखवा. या सिद्धान्तात प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे एक ढगासारखे आवरण कल्पिले आहे, आणि 25 अंश सेल्सिअसला पाण्यात त्याची जाडी सुमारे 0.304 भागिले आयनिक स्ट्रेंग्थचे (आयनांचे प्रमाण आणि प्रभार यांवरून काढलेल्या मापाचे; साध्या मिठासाठी ते मोलल प्रमाणाइतकेच) वर्गमूळ, इतके नॅनोमीटर असते. 0.1 मोललला ती जवळजवळ 1 नॅनोमीटर येते. समुद्राच्या पाण्यात, जिथे आयनिक स्ट्रेंग्थ 0.7 च्या आसपास असते, ती 0.36 वर उतरते. आपल्या वाफ्यात ती 0.12 होते. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोराइड यांच्या केंद्रांमधले अंतरच 0.28 नॅनोमीटर आहे! आयनांच्या केंद्रांमधल्या अंतराहून त्यांचे आवरण पातळ, हे गणित कागदावर सुटते, पण त्याला भौतिक अर्थ उरत नाही. आमच्या वेळी हे सूत्र पाठ करून घेतले जाई आणि ही संख्या कोणी फळ्यावर मांडत नसे, याची मला अजून चुटपुट लागते.

अलिबागची, सध्या पुण्यात:
सरांच्या मुद्द्याला पुढे नेते. गुणांक सुरुवातीला खाली येतो, 1 मोललच्या आसपास 0.66 च्या तळाला जातो आणि मग पुन्हा वर चढतो. हा चढ आवरणाच्या कल्पनेतून येतच नाही, कारण तिथे पाणी म्हणजे केवळ एक अखंड माध्यम मानले आहे. किलोभर पाण्यात 55.5 मोल रेणू असतात. तेव्हा 0.1 मोललला मिठाच्या एका जोडीमागे 555 रेणू येतात, 6 मोललला जेमतेम नऊ. सोडियमला स्वतःभोवती पाच-सहा रेणू लागतात, क्लोराइडला साधारण सहा. नवांत दोघांचे भागत नाही, म्हणून रेणू वाटून घ्यावे लागतात. मोकळे पाणी उरत नाही आणि आयनांना एकमेकांच्या आकाराची अडचण होते, त्यामुळे गुणांक चढतो. सिम्युलेशन करणार असाल तर एक सावधगिरी बाळगा: एसपीसी-ई हे पाण्याच्या रेणूचे प्रारूप आणि जुंग-चीथम यांचे आयनांचे प्रारूप ही जोडी फार वापरली जाते, पण तिच्यात मिठाची विद्राव्यता सुमारे 3.7 मोलल येते, प्रयोगात 6.1. आपली 6 मोललची सिम्युलेशनची पेटी त्या प्रारूपाच्या लेखी अतिसंपृक्त असेल.

मालवणकर:
एक दुरुस्ती. 0.986 हा आकडा शुद्ध मिठाच्या द्रावणाचा आहे. वाफ्यात मॅग्नेशियम असते आणि मीठ खाली बसत जाईल तसे वरच्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. म्हणून तर पाणी पूर्ण आटू न देता मीठ ओढून काढतात, नाहीतर ते कडवट होते आणि पावसाळ्यात पाझरते. आयनिक स्ट्रेंग्थमध्ये प्रभाराचा वर्ग येत असल्याने मॅग्नेशियमचे वजन चौपट पडते. तेव्हा बाटलीतले पाणी निमित्त म्हणून दाखवा, आकडे शुद्ध द्रावणाचे आहेत असे स्पष्ट म्हणा. अशा संहत मिश्रणांचे सक्रियता गुणांक काढण्यासाठी पिट्झरची 1973 सालापासूनची समीकरणे आहेत, ती प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. आणि बोलणे आधीच ध्वनिमुद्रित करून आयोजकांकडे पाठवा. जूनमध्ये वीज आणि रेंज दोन्ही एकदम जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खाजणकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. आता एकच आलेख ठेवतो: आडव्या अक्षावर एका जोडीमागे पाण्याचे किती रेणू, उभ्या अक्षावर गुणांक, नियमाची रेषा तुटक आणि प्रयोगातले बिंदू ठळक. मॅग्नेशियमची अट पहिल्याच स्लाइडवर लिहीन. 0.7 मोललच्या, म्हणजे समुद्राइतक्या आयनिक स्ट्रेंग्थच्या शुद्ध मिठाच्या द्रावणालाही नियम 0.38 सांगतो आणि तक्ते 0.67 च्या जवळ, हे आज पुन्हा ताडून पाहिले. म्हणजे नियम वाफ्यापर्यंत यायच्या कितीतरी आधीच सुटलेला असतो. ध्वनिमुद्रण रविवारी पहाटे करतो, तेव्हा वीज टिकते.