‘ग्रीस’ हा व्हिडिओ गेम घ्यावा का? केवळ सुंदर चित्रांवर खेळ तरतो का, याविषयी सल्ला हवा

आभाळवाट (धागाकर्ती)

नमस्कार. मी जलरंगात काम करते आणि व्हिडिओ गेम वर्षाकाठी एखादाच खेळते. बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा २०१८ सालचा ‘ग्रीस’ घ्यावा असे बरेच दिवस मनात आहे. त्याची चित्रे कॉनराड रोसेत या चित्रकाराची आहेत, आणि ओला रंग कागदावर पसरून वाळताना जी गडद कड उमटते ती पडद्यावर इतकी खरी उतरलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही. परंतु गेल्या वर्षी असाच एक देखणा खेळ चित्रांवर भाळून घेतला होता. पहिला तासभर डोळे निवले, पुढे मात्र आपण नुसतेच डावीकडून उजवीकडे चालत आहोत असे वाटू लागले आणि तो अर्ध्यावरच राहिला. ज्यांनी ‘ग्रीस’ पूर्ण खेळला आहे त्यांनी कृपया सांगावे, तो शेवटपर्यंत धरून ठेवतो का? त्याच्या जोडीला लॅपटॉपवर चालणारे आणि दोन-चार तासांत संपणारे आणखी काही सुचवले तर आभारी राहीन. माझा हात बसलेला नाही, त्यामुळे पदोपदी मरावे लागणारे खेळ नकोत.

उंबरठा

अवश्य घ्या. मी तो दोनदा पूर्ण केला आहे; साधारण तीन ते चार तास लागतात आणि त्यात मरणे हा प्रकारच नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘चित्रांच्या बळावर तरतो’ असे मी देणार नाही. आरंभी खेळातल्या नायिकेचा, एका मुलीचा, आवाज जातो, ती खाली कोसळते आणि सारे जग करडे होते (स्पॅनिश भाषेत ‘ग्रीस’ म्हणजे करडा). त्या वेळी तुम्ही उडीचे बटण दाबता, तर ती उडी न मारता गुडघ्यांवर बसते. पुन्हा दाबा, पुन्हा बसते. दुःखात माणसाच्या अंगातले त्राण जाते हे तिथे कोणी शब्दांत सांगत नाही, तुमच्या अंगठ्याला ते कळते. पुढे लाल रंग परततो तो वाळवंटात, आणि तिथला वारा तिला मागे लोटू लागतो. तेव्हा तिच्या झग्याचा जड, चौकोनी दगड करता येतो. वादळ सुटले की दगड होऊन थांबायचे आणि ओसरले की चार पावले चालायचे, एवढेच तिथे करायचे असते. हे चित्र नुसते पाहून समजत नाही, त्यासाठी बटण धरून थांबावे लागते. तुमच्या अर्धवट राहिलेल्या खेळात बहुधा हेच नसावे.

टाकसाळ

वरील प्रतिसादातील वाळवंटाचे वर्णन अगदी पटले, पण दुसरी बाजूही नोंदवतो. कित्येक ठिकाणी दृश्य इतके लांबून दाखवले आहे की मुलगी ठिपक्याएवढी होते, आणि पाय ठेवण्याची जागा कोणती व नुसती मागची नक्षी कोणती हे ओळखू येत नाही. पुढे जाण्यासाठी जे प्रकाशाचे ठिपके गोळा करावे लागतात, ते काम मला थोड्याच वेळात हिशेबाचे वाटू लागले. तिथे चित्र आणि खेळ यांची फारकत होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण ‘जर्नी’ खेळावा. तो २०१२ साली प्लेस्टेशनसाठी आला, आता संगणकावरही मिळतो आणि दोनेक तासांत संपतो. त्यातील यात्रेकरूच्या गळ्यातील वस्त्र जितके लांब आणि जितके उजळलेले, तितके त्याला उडता येते. म्हणजे तुमच्यात किती बळ उरले आहे हे आकडा किंवा पट्टी न दाखवता त्या वस्त्रावरूनच कळते. शेवटाकडे बर्फात ते गोठून निस्तेज होत जाते, आणि इंटरनेटवरून जोडला गेलेला कोणी अनोळखी सहप्रवासी सोबत असेल, तर एकमेकांना बिलगून चालल्याने ते पुन्हा थोडे उजळते. त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. मी तो भाग खेळताना रडलो होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

शिंपला

चित्रकाराने खेळावाच असा म्हणून ‘गोरोगोआ’ सुचवते (२०१७). जेसन रॉबर्ट्स यांनी अनेक वर्षे खपून तो हाताने रेखाटला आहे. पडद्यावर चार चौकटी असतात. एका चित्रातील दाराची चौकट उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवली की तिथे वाट तयार होते. इथे चित्र नीट न्याहाळणे हाच खेळ आहे, त्यामुळे धाग्याचा प्रश्नच उरत नाही.

आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) मी आस्थेने पूर्ण केला. पहाडी चित्रशैलीवर बेतलेले महाल आणि कथेसाठी वापरलेला छायाबाहुल्यांचा खेळ पाहून ऊर भरून आला. भिंतींवरील चित्रांपाशी थांबले की दुर्गा आणि विष्णू त्यांमागच्या कथा सांगतात, आणि २०२२च्या सुधारित आवृत्तीत हे हिंदीतही ऐकता येते. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर लढाया त्याच त्या वाटतात, आणि कथा ऐन रंगात आलेली असताना खेळ संपतो. शिवाय त्यात मरावे लागते, त्यामुळे तुम्हाला तो लगेच सुचवणार नाही.

आभाळवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ‘ग्रीस’ घेतला आणि लाल रंगाच्या टप्प्यापर्यंत आले आहे. उडीचे बटण मी पाच-सहा वेळा दाबले आणि प्रत्येक वेळी ती बसली. आपलेच काही चुकते आहे असे वाटून मी जरा घाबरले, मग ‘उंबरठा’ यांचा प्रतिसाद आठवला. वाळवंटात एकदा वादळ ओसरल्यावरही मी दगड होऊन तशीच थांबले होते, बोट उचलावेसे वाटेना. ठिपक्यांविषयीची तक्रार पुढे गेल्यावर पटते का, ते पूर्ण झाल्यावर इथेच लिहीन. त्यानंतर ‘गोरोगोआ’.