१७ घरांच्या स्वस्तिकाचे ४ सारखे भाग कसे करायचे?

सांगलीची आई:
मुलगी पाचवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. चौकटीच्या वहीत ५ × ५ घरांत स्वस्तिक काढलं. मोजली तर १७ घरं भरतात. त्याचे आकारानेही सारखे ४ भाग करायचेत. १७ ला ४ ने भाग जात नाही म्हणून ती रडकुंडीला आली. मधोमध घडी घालून पाहिली, पण वरची पट्टी उजवीकडे वळते, खालची डावीकडे. एकावर एक बसतच नाहीत.

साताऱ्याचा मास्तर:
ताई, घडी घालू नका, कागद फिरवा. पाव फेरा दिला की स्वस्तिक जसंच्या तसं दिसतं. म्हणजे चार हात सारखे, प्रत्येकी ४ घरं. उरलं मधलं एक घर. त्याचे दोन्ही कर्ण काढा. प्रत्येक हाताला एक त्रिकोण, म्हणजे सव्वाचार घरं. कर्ण मात्र मधल्या घरातच थांबवा. पुढे वाढवलेत तर कोपऱ्यातली घरं चिरली जातात, भागांचे तुकडे पडतात.

रांगोळीवाली काकू:
कर्णच हवेत असं नाही गं. मधल्या घरात अधिकचं चिन्ह काढलंस तरी चालतं. मात्र प्रत्येक छोटा चौकोन दोन हातांना टेकतो, म्हणून एकाच दिशेने फिरत जाऊन प्रत्येक हाताला एकेकच चौकोन द्यायचा आणि दुसऱ्या हाताकडची कडही कापायची. मी उंबऱ्यापाशी असेच चार रंग भरते.

सांगलीची आई:
जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर काढून कापलं. चारही तुकडे एकावर एक तंतोतंत बसले! आता तिने स्वतःच विचारलंय, मधल्या घरात वाकडी रेघ चालेल का?

साताऱ्याचा मास्तर:
चालेल. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत हवी तशी काढू दे, फक्त तीच रेघ पाव-पाव फेऱ्याने चारदा यायला हवी आणि एकमेकींना छेदायला नको.