तराण्याचे बोल निरर्थक कसे?

तारषड्ज : ‘कवी अमीर खुस्रोला संस्कृत पदे येईनात, म्हणून त्याने निरर्थक अक्षरे जुळवली आणि तराणा झाला’ हे विधान इथे इतक्या ठामपणे केले गेले आहे की सविस्तर उत्तर देणे भाग आहे. ‘तराना’ म्हणजे फारसीत गाणे; आपला तराणा म्हणजे पदाऐवजी ‘तन’, ‘दानी’, ‘दिर दिर’ अशा बोलांवर गायचा शास्त्रीय संगीतातला प्रकार. गायक उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) या बोलांतही अर्थ पाहत : ‘तन’ म्हणजे देह, ‘दर आ’ म्हणजे आत ये, ‘दानी’ म्हणजे तू जाणतोस. त्यांच्या हंसध्वनी रागातल्या तराण्यात फारसी ओळी येतात, त्या उगाच नव्हेत.

मंद्र : नाव फारसी म्हणून बोलही फारसी, हे मला मुळीच मान्य नाही. खुस्रोचा जन्म १२५३चा; त्याआधीच देवगिरीला सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ सिद्ध केला होता. त्यात प्रबंध या जुन्या गानप्रकाराच्या सहा अंगांमध्ये ‘तेनक’ आहे, म्हणजे ‘तेन तेन’ असे मंगलवाचक उच्चार. आपल्याच मातीतला ग्रंथ बाजूला ठेवून प्रत्येक गोष्टीचे मूळ बाहेर शोधण्याच्या सवयीचा मला संताप येतो.

द्रुतलय : मूळ कुठलेही असो, आज तराणा म्हणजे केवळ वेगाची शर्यत झाली आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी ‘दिर दिर’ पळवू लागलो की गुरुजी तबला थांबवायला सांगत आणि जिभेचे टोक ‘दि’ला दातांमागे लागून ‘र’ला सुटते की नाही, हे विलंबितात, म्हणजे संथ लयीत, पुन्हा पुन्हा म्हणवून घेत. तो ‘र’ पुसट झाला की लयीचा दाणाच हरवतो.

तारषड्ज : वेगाचा मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा.

द्रुतलय : का म्हणून? बोल निरर्थक मानले, म्हणूनच ते चिरडले जातात! अर्थ पदाचाच असतो, उच्चाराचा नसतो, हे कोणी ठरवले?

मंद्र : हा प्रश्न मला अडवतो, हे नाइलाजाने मान्य करतो. तेनकालाही शब्दकोशातला अर्थ लावून कोणी गात नसे; त्याचे मंगलत्व उच्चारातच होते. ‘दानी’ हा फारसी शब्द आहे, हेही मी नाकारत नाही. परंतु धृपद या जुन्या गायनशैलीच्या आलापातल्या ‘नोम् तोम्’ या उच्चारांना फारसी अर्थ चिकटवू पाहाल, तर माझा विरोध कायम राहील.

तारषड्ज : तो मी चिकटवलेला नाही. माझी हरकत ‘निरर्थक’ या शब्दाला होती आणि तो आता तुम्हीही वापरत नाही.