मॅसॅच्युसेट्सचे १६४१चे कायदे बायबलमधूनच उचलले होते का?

प्रश्न: अमेरिकेतल्या या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या) इंग्लिश वसाहतीच्या ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ या कायदेसंहितेत बायबलचा वाटा नेमका किती? की इंग्लंडच्याच कायद्याला नुसता धार्मिक मुलामा?

प्रतिसाद १: कलम ९४ वाचा. देहदंडाचे १२ गुन्हे आहेत, त्यांत मूर्तिपूजा, चेटूक, ईश्वरनिंदा, व्यभिचारही येतात. बहुतेकांखाली बायबलच्या ‘निर्गम’, ‘लेवीय’, ‘अनुवाद’ या पुस्तकांतली वचनं दिली आहेत. पण उलटी बाजूही बघा, मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. इंग्लंडात १२ पेन्सांवरच्या चोरीला फाशी होती. बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रात चोराने भरपाई द्यायची असते, म्हणून या यादीत साधी चोरी नाहीच. देहदंडाला दोन-तीन साक्षीदार किंवा तितकाच भक्कम पुरावा हवा. फटके जास्तीत जास्त ४०, हे ‘अनुवाद’ २५:३ मधलं.

प्रतिसाद २: वारसाहक्कही पाहा. इंग्लंडात जमीन सहसा थोरल्या मुलाकडे जाई. इथे मृत्युपत्र नसेल तर थोरल्याला दुप्पट वाटा, बाकीच्यांनाही हिस्सा. हेही ‘अनुवाद’ पुस्तकातलंच, २१:१७. मात्र मसुदा करणारे नॅथॅनिएल वॉर्ड पाद्री होण्याआधी वकिली शिकलेले, त्यामुळे ज्यूरी (निवाडा देणारे सामान्य नागरिकांचे पंच) वगैरे इंग्लिश पद्धत टिकली. शेजारच्या न्यू हेवन वसाहतीने ज्यूरीच ठेवली नाही.

प्रतिसाद ३: एक दुरुस्ती. सगळंच चर्चच्या हाती होतं असं समजू नका. मताधिकार १६३१पासून चर्च-सदस्यांनाच होता खरा, पण लग्न पाद्री नव्हे, दंडाधिकारी लावत. लग्न हा संस्कार नसून करार, हे मतही प्युरिटन धर्मविचारातूनच आलेलं.